उतारावर धावल्यानंतर स्नायूंची हानी सोनोग्राफीने कशी मोजावी

घाट चढताना दम लागतो, पण पाय दुखतात ते घाट उतरल्यावर. सातारा हिल हाफ मॅरेथॉन धावलेल्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचे आणि त्याच रस्त्याने खाली साताऱ्यात यायचे, असा तो मार्ग आहे. रविवारी दुपारी धावपटू खुशीत असतो, सोमवारी सकाळी जिना उतरताना कठडा धरतो आणि मंगळवारी उकिडवे बसायची वेळ आली की भिंतीचा आधार शोधतो. बोलीत याला ‘मांड्या भरून येणे’ म्हणतात. त्या भरून आलेल्या मांडीत काय बदलले आहे, ते सोनोग्राफीने मोजता येते. मात्र रोजच्या सोनोग्राफीची सवय या कामी पुरत नाही, कारण तिथे डॉक्टर चित्र पाहून मत देतात आणि इथे चित्रातून आकडा काढायचा असतो. पुढील मांडणी क्रीडावैद्यक, रेडिओलॉजी आणि फिजिओथेरपी या शाखांतील विद्यार्थी व डॉक्टर यांच्यासाठी आहे. आपल्यावर होणारी तपासणी समजून घेऊ इच्छिणाऱ्या धावपटूंनाही ती वाचता येईल.

उतारावर पाऊल टेकते तेव्हा गुडघा वाकू लागतो आणि मांडीच्या पुढच्या भागातील चतुःशिरस्क स्नायू, ज्याला सगळे ‘क्वाड्रिसेप्स’ म्हणतात, तो वाकण्याचा वेग आवरून धरतो. म्हणजे स्नायू जोर लावत असतानाच लांब होत असतो. या प्रकारच्या आकुंचनाला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात आणि स्नायुतंतूंची सूक्ष्म मोडतोड मुख्यतः त्यातूनच होते. गॉटशॉल आणि क्रॅम या संशोधकांनी २००५ साली बल मोजणाऱ्या ट्रेडमिलवर दाखवले, की सेकंदाला ३ मीटर या वेगाने ९ अंशांच्या उतारावर धावताना पाऊल आदळण्याच्या बलाचे शिखर सपाटीपेक्षा ५४ टक्क्यांनी आणि मागे रोखणाऱ्या बलाचे शिखर ७३ टक्क्यांनी वाढते. हा सगळा भार हजारो पावले सलग पडतो, शिवाय घाटात वळणे असली तरी विसावा नसतो.

सोनोग्राफीला काय दिसते

मोडतोड होते ती सार्कोमिअर या स्नायूच्या सर्वांत लहान एककाच्या पातळीवर, आणि त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट एवढीच असते. मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर धरला, तर १० मेगाहर्ट्झच्या प्रोबची, म्हणजे त्वचेवर टेकवून ध्वनी सोडणाऱ्या भागाची, तरंगलांबी ०.१५ मिलिमीटरच्या आसपास येते. साध्या भाषेत, ज्या गोष्टीची मोडतोड झाली तिच्यापेक्षा आपली फूटपट्टी पन्नास-साठ पटींनी जाड आहे. त्यामुळे ‘सोनोग्राफीत तंतू तुटलेले दिसले’ असे या प्रकारच्या दुखण्याबाबत कोणी म्हणत असेल, तर त्याने एक तर खरोखरच स्नायू फाटलेला पाहिला आहे किंवा तो अंदाजाने बोलतो आहे.

आपण मोजतो ते मोडतोडीचे परिणाम. द्रव साचल्याने स्नायूची जाडी आणि आडव्या छेदाचे क्षेत्रफळ वाढते. तंतूंच्या जुडग्यांमध्ये द्रव शिरल्याने आणि दाह सुरू झाल्याने चित्रातील करडी छटा उजळते. इलॅस्टोग्राफीची सोय असलेल्या मशीनवर स्नायूचा ताठरपणाही मोजता येतो. या तिन्हींपैकी एकही आकडा एकटा घेऊन निष्कर्ष काढता येत नाही. त्याच माणसाच्या, त्याच जागेच्या, धावण्याआधी काढलेल्या चित्राशी तुलना केली तरच त्याला अर्थ येतो. शर्यतीनंतर दोन दिवसांनी ‘पाय फार दुखतात, सोनोग्राफी करून बघा’ म्हणून आलेल्या धावपटूची हानी या पद्धतीने मोजता येत नाही. त्याच्याबाबतीत आपण फक्त स्नायू फाटला नाही ना, रक्त साचले नाही ना, एवढेच पाहू शकतो.

कायद्याची बाजू

आपल्याकडे सोनोग्राफी मशीन ही कोणीही पाठीवर टाकून शर्यतीच्या समाप्तीरेषेवर न्यावी अशी वस्तू नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठीच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली, जो १९९४ सालचा असून २००३ मध्ये अधिक कडक झाला, मशीनची आणि केंद्राची नोंदणी समुचित प्राधिकाऱ्याकडे असावी लागते आणि ते कोणी वापरावे हेही ठरलेले असते. हातात मावणाऱ्या पोर्टेबल मशीनच्या हलवाहलवीवर तर आणखी बंधने आहेत. मांडी तपासायची आहे, गर्भाशी काही संबंध नाही, हा खुलासा इथे उपयोगी पडत नाही. तेव्हा धावपटूंनाच नोंदणीकृत केंद्रात बोलवावे, प्रोब पात्र डॉक्टरांच्या हाती असावा, आणि अभ्यास म्हणून हे काम करायचे असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यावी. परदेशी शोधनिबंध वाचून तंबूत प्रयोगशाळा थाटण्याचे मनसुबे आखणाऱ्या विद्यार्थ्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितलेले बरे.

जागा ठरवणे आणि खूण करणे

सुरुवातीला एकाच स्नायूवर हात बसवावा आणि तो रेक्टस फीमोरिस, म्हणजे क्वाड्रिसेप्सचा मांडीच्या पुढे मधोमध असणारा भाग, असावा, कारण तो वरवर असतो आणि त्याच्या कडा स्पष्ट दिसतात. कमरेच्या पुढच्या बाजूला बोटाला लागणारे हाडाचे टोक आणि गुडघ्याच्या वाटीची वरची कड यांच्यामध्ये टेप धरावी व मध्यबिंदूवर खूण करावी. क्वाड्रिसेप्सच्या बाहेरच्या बाजूच्या भागासाठी, म्हणजे व्हॅस्टस लॅटेरॅलिससाठी, त्याच हाडाच्या टोकापासून वाटीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत रेषा धरून वरून दोन तृतीयांश अंतरावर खूण येते. पोटरी घ्यायची असेल तर आतल्या बाजूचा गॅस्ट्रोक्नीमिअस पालथे झोपवून, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर काटकोनात ठेवून पाहावा. घोट्याला आवर घालणारा नडगीवरचा टिबिआलिस अँटीरिअरही उतारावर राबतो, पण त्याच्याकडे नंतर वळावे.

खूण टिकणे हा या कामातील सर्वांत क्षुल्लक वाटणारा आणि सर्वाधिक घोळ घालणारा भाग आहे. मार्करची शाई जेलने, घामाने आणि आंघोळीने दुसऱ्याच दिवशी जाते. माझ्या पहिल्या प्रयत्नात आठ जणांपैकी तिघांच्या खुणा अठ्ठेचाळीस तासांत पुसल्या गेल्या आणि त्या ‘अंदाजे तिथेच’ पुन्हा काढल्यावर जाडीचे आकडे असे उड्या मारू लागले, की सगळा संच बाजूला ठेवावा लागला. त्यावर सापडलेला उपाय घरगुती आहे: साध्या मेंदीच्या कोनाने काढलेली ‘+’ अशी बारीक खूण आठवडाभर टिकते. बाजारातील काळी मेंदी मात्र वापरू नये, तिच्यातील रसायनाने त्वचेवर फोड येऊ शकतात. शिवाय मांडीवर पारदर्शक प्लॅस्टिकची शीट ठेवून तीळ, जुने व्रण आणि आपली खूण तिच्यावर उतरवून घ्यावी. तीळ हलत नाहीत. पुढच्या वेळी शीट तिळांवर जुळवली की खूण बरोबर जागेवर येते.

झोपवणे, थांबणे आणि मशीन बांधून घेणे

धावपटूला उताणे झोपवावे, गुडघे सरळ, पाय सैल, घोट्यांमध्ये छोटी उशी म्हणजे पाऊल बाहेर कलणार नाही. त्यानंतर किमान पंधरा मिनिटे काही करू नये. उभे असताना पायांत उतरलेला द्रव झोपल्यावर हळूहळू परत फिरतो आणि त्याने जाडी बदलते. एकाची तपासणी दोन मिनिटांत आणि दुसऱ्याची वीस मिनिटांनी केली, तर आपण हानी मोजत नसून प्रतीक्षा मोजत असतो. तपासणीची वेळ दर दिवशी शक्यतो तीच ठेवावी आणि त्या आठवड्यात व्यायाम, मालिश, वेदनाशामक गोळ्या हे सगळे टाळण्यास सांगावे, निदान नोंदवण्यास तरी सांगावे.

प्रोब सरळ म्हणजे लिनिअर हवा आणि वारंवारता १० मेगाहर्ट्झच्या आसपास. चित्राची खोली (डेप्थ) अशी ठेवावी, की त्याच्या तळाशी मांडीच्या हाडाची पांढरी कमान पूर्ण दिसेल. मग गेन (परतलेला ध्वनी किती वाढवून दाखवायचा ते), खोलीनुसार गेन वाढवणाऱ्या सरकपट्ट्या, फोकस आणि डायनॅमिक रेंज (काळ्या-पांढऱ्यातील छटांचा आवाका) एकदा ठरवून त्यांचा प्रीसेट नाव देऊन साठवावा आणि अभ्यास संपेपर्यंत त्याला हात लावू नये. चित्र आपोआप सुधारणारे बटण बंद करावे. दवाखान्यात ते वरदान असते, कारण प्रत्येक रुग्णाचे चित्र ते डोळ्यांना सुखद करते. पण स्नायू उजळला आहे का हे आपल्याला पाहायचे असताना मशीनच परस्पर उजेड कमी करून ठेवत असेल, तर तुलना कसली करणार? ठिपके गुळगुळीत करणाऱ्या आणि अनेक कोनांतून चित्रे एकत्र करणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात किंवा सर्व दिवस एकाच पातळीवर ठेवाव्यात. मशीन बदलले तर आधीचे उजळपणाचे आकडे निरुपयोगी झाले, असे समजावे.

चित्र काढताना

जेल भरपूर घ्यावे, इतके की चित्राच्या वरच्या कडेला प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये जेलचा काळा पट्टा दिसेल. तो पट्टा दिसतो आहे तोवर हाताचा दाब पडलेला नाही, ही खात्री असते. रेक्टस फीमोरिसची जाडी साधारण दोन सेंटिमीटर धरली, तर एक मिलिमीटर दाबला गेल्याने पाच टक्के फरक पडतो आणि उतारावरील धावण्यानंतरची सूज अनेकदा तेवढ्याच पट्ट्यात असते. मनगट टेबलावर किंवा धावपटूच्या मांडीच्या कडेला टेकवावे, म्हणजे हात थकून दाब वाढत नाही.

प्रोब आडवा ठेवून खुणेवर आणावा. वर त्वचा, तिच्याखाली चरबीचा करडा थर, मग पांढऱ्या आवरणाने वेढलेला, पिचक्या अंड्यासारखा रेक्टस फीमोरिस दिसतो. त्याच्या आत बऱ्याच जणांत स्वल्पविरामासारखी एक पांढरी रेघ असते. ती मधली कंडरा होय, व्रण नव्हे. खाली व्हॅस्टस इंटरमीडिअस आणि त्याखाली हाड. आता प्रोब पुढे-मागे किंचित कलवून पाहावा. हाडाची कमान जिथे सर्वांत ठळक आणि बारीक होते, तिथे ध्वनी काटकोनात पडतो आहे असे समजून थांबावे. दोन-चार अंश कलल्यावरही स्नायू काळवंडतो आणि हा बदल हानीच्या बदलापेक्षा मोठा असू शकतो. प्रत्येक वेळी प्रोब पूर्ण उचलून, पुन्हा ठेवून तीन चित्रे घ्यावीत. न उचलता घेतलेली तीन चित्रे म्हणजे एकाच चित्राच्या तीन प्रती.

चित्रे डायकॉम किंवा टिफ स्वरूपात साठवावीत. जेपेग करताना छटा आकुंचन पावतात, आणि मोबाइलवर पाठवलेल्या चित्रावरून उजळपणा मोजणे हा तर निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

आकडा काढणे

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेला ‘इमेजजे’ हा मोफत प्रोग्राम या कामाला पुरेसा आहे. चित्र आठ बिटांचे करून घ्यावे, म्हणजे शुद्ध काळ्याला ० आणि शुद्ध पांढऱ्याला २५५ असे मूल्य मिळते. बहुकोन काढण्याच्या साधनाने स्नायूच्या आतल्या कडेने रेघ काढावी. पांढरे आवरण आत घेऊ नये, कारण थोडेसे आवरणही सरासरी वर खेचते. मापन केल्यावर मिळणारी सरासरी करडी छटा म्हणजे त्या चित्राची प्रतिध्वनी-तीव्रता. तीन चित्रांची सरासरी घ्यावी. जाडीसाठी चित्रातील सेंटिमीटरच्या खुणांवरून मोजपट्टी बसवून घ्यावी आणि वरच्या आवरणाच्या आतल्या कडेपासून खालच्या आवरणाच्या आतल्या कडेपर्यंत मोजावे. ज्याने चित्रे काढली त्यानेच, दिवस माहीत असताना, मोजणे टाळावे. फायलींची नावे बदलून दुसऱ्याकडे द्यावीत; तिसऱ्या दिवशी सूज असणारच, हे मनात असलेल्या माणसाची रेघ नकळत बाहेर सरकते.

आता या आकड्याची चूक किती, हे आधी ठरवले नाही तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. दहा माणसे घ्यावीत, त्यांना धावू देऊ नये आणि दोन वेगवेगळ्या दिवशी त्यांची संपूर्ण तपासणी करावी. प्रत्येकाच्या दोन आकड्यांतील फरक काढून त्या फरकांचे प्रमाण विचलन काढावे. समजा ते ३ छटा आले. त्याला १.९६ ने गुणल्यास ५.९ येतात. म्हणजे एखाद्या धावपटूची छटा ५२ वरून ५६ झाली, तर तो आपल्याच हाताचा कंप असू शकतो. ५२ वरून ६१ झाली, तर बदल खरा मानता येतो. ही गणना दोन संध्याकाळचे काम आहे आणि बहुतेक जण नेमकी तीच गाळतात.

इलॅस्टोग्राफी असल्यास

शिअर वेव्ह इलॅस्टोग्राफीत मशीन स्नायूत एक आडवी थरथर निर्माण करते आणि ती किती वेगाने पसरते ते मोजते. स्नायू जितका ताठ, तितका वेग जास्त. इथे प्रोब तंतूंच्या दिशेने, उभा ठेवायचा असतो, आणि गुडघ्याचा कोन गोनिओमीटरने मोजून दर वेळी तोच ठेवावा लागतो, कारण स्नायू जरासा ताणला गेला तरी ताठरपणा वाढतो. रेक्टस फीमोरिस खुब्याच्या सांध्यावरूनही जात असल्याने पाठीमागे उशी घेतली की नाही, यानेसुद्धा आकडा बदलतो. रंगीत नकाशा स्थिर व्हायला काही सेकंद थांबावे, मग चित्र गोठवावे.

दोन केंद्रांचे अहवाल शेजारी ठेवल्यावर होणारा एक गोंधळ सांगून ठेवतो. वेग सेकंदाला २ मीटर असेल, तर घनता जवळपास पाण्याएवढी धरून शिअर मॉड्युलस (सरकवणाऱ्या बलाला होणारा विरोध) ४ किलोपास्कल येतो, पण अनेक मशीन त्याला तीनने गुणून यंग मॉड्युलस (ताणणाऱ्या बलाला होणारा विरोध) म्हणून १२ किलोपास्कल दाखवतात. दोन्ही अहवालांत स्नायू एकच असतो. तीनने गुणणे हे सर्व दिशांना सारख्या असणाऱ्या पदार्थाचे गृहीतक आहे आणि तंतूंचा बनलेला स्नायू तसा नसतो, म्हणून अहवालात वेग किंवा शिअर मॉड्युलस लिहावा.

दिवसांमागून दिवस

धावण्याआधी, लगेच नंतर, २४, ४८, ७२ तासांनी आणि सातव्या दिवशी, असे वेळापत्रक पुरते. धावल्यानंतर लगेच जाडी वाढलेली दिसेल, पण ती बहुतांशी वाढलेल्या रक्तप्रवाहाची असते. तिला हानी म्हणू नये. नंतरच्या दिवसांत टिकून राहिलेली किंवा वाढलेली जाडी आणि उशिरा वर येणारी छटा, यांकडे लक्ष द्यावे. प्रयोगशाळेत दंडाच्या स्नायूंकडून जास्तीत जास्त जोराची एक्सेंट्रिक कसरत करून घेतल्यावर छटा जशी ठसठशीत उजळते, तशी ती धावण्यानंतर मांडीत क्वचितच उजळते. बदल लहान असतात आणि सरावलेल्या धावपटूत काहीच न दिसण्याचीही शक्यता असते. छटेत बदल नाही म्हणजे हानी नाही, असे मात्र नव्हे.

त्यासाठी जोडीला ताकद मोजावी. गुडघा ठरावीक कोनात ठेवून पट्ट्याने बांधलेल्या डायनॅमोमीटरवर पूर्ण जोर लावायला सांगितल्यास मिळणारा आकडा हा अप्रत्यक्ष मापनांतील सर्वांत भरवशाचा मानला जातो. तो धावल्याबरोबर घसरतो, दुखणे मात्र साधारण २४ ते ७२ तासांत शिखर गाठते, आणि स्नायूंना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे क्रिएटिन कायनेज हे विकर माणसागणिक इतके वेगळे असते, की दोघांची तुलना त्यावरून करू नये. क्रम पाळावा: आधी सोनोग्राफी, मग रक्त, शेवटी ताकद. जोर लावून झाल्यावर काढलेले चित्र त्या जोराचेही चित्र असते.

काही खुणा दिसल्या, तर अभ्यास बाजूला ठेवून रुग्णाकडे पाहावे. तंतूंच्या रेघा एका जागी तुटून तिथे काळा खळगा दिसत असेल, तर तो स्नायू फाटल्याचा व रक्त साचल्याचा संशय आहे. एकाच पोटरीला सूज असेल, तर शिरेत गुठळी नाही ना, हे प्रोबने शीर दाबून आणि रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लरने पाहावे. लघवी कोऱ्या चहासारखी होत असेल, तर ऱ्हॅब्डोमायोलिसिस, म्हणजे स्नायू मोठ्या प्रमाणावर विघटित होणे, गृहीत धरून त्याच तासाला रुग्णालयात पाठवावे. मूत्रपिंडाला धोका असतो आणि शर्यतीत घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या व पाण्याची कमतरता तो वाढवतात. पाय लाकडासारखा ताठ, वेदना बेसुमार आणि बोटांना बधिरपणा असेल, तर सोनोग्राफीची वाट पाहूच नये.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच धावपटूला पुन्हा त्याच उतारावर पळवले, तर दुखणे, ताकदीची घसरण आणि चित्रातील बदल पहिल्यापेक्षा बरेच कमी येतात. स्नायू एकदा सोसलेल्या भाराला काही आठवडे सरावलेला राहतो आणि घाटाच्या शर्यतीआधी थोडा-थोडा उतार धावून ठेवा, असे प्रशिक्षक सांगतात ते यामुळेच. मोजणाऱ्याला हा दुसरा फेरा खरा कस लावतो, कारण बदल लहान आणि मधले अंतर मोठे. तोवर मेंदी पुसलेली असते, म्हणून तिळांची ती प्लॅस्टिकची शीट पहिल्या आठवड्यानंतर टाकून देऊ नये.